दूध सोसायटीचा रेडिओ आणि गाळणीचं भांडण

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो. चार रिकामी माणसं एका खोलीत बसली की ते आपोआप धरतात, तापलेल्या दुधावर साय धरावी तसे. आमच्याकडं तर दूधच आटलं होतं, तरी साय धरायची थांबली नाही!

नांदूरघाटाजवळच्या आमच्या दूध सोसायटीत मी मोटार-कंप्रेसर बघायचो. शिक्षण सातवी, तेही ढकलत ढकलत. त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली आणि दूध थंड करायची खोली रिकामी पडली. बाहेर पांढरं फटक ऊन, आत जाड भिंतींचा गारवा. तिथं आम्ही हॅम रेडिओ मांडला, म्हणजे हौशी लोकांचा परवान्यावरचा बिनतारी संच. अँटेनाची तार ओढली थेट गावाच्या कोरड्या टाकीवर.

आम्ही म्हणजे चौघं. चेअरमन सर्जेराव तात्या. दुधाची फॅट काढणारी शबाना, कॉम्प्युटर तिच्याच ताब्यात. जन्मभर तारऑफिसात कट्ट-कडकट्ट करून रिटायर झालेले त्र्यंबक मास्तर. आणि मी. तिघांकडं सरकारी परवाना होता. मी परीक्षेत नापास, त्यामुळं फक्त चहा करायचा आणि कळ काढायची!

मास्तरांचे कान पार गेले होते. तीस वर्षं ते सायबेरियातल्या आंद्रेयशी ठिपके-रेघांच्या मोर्समध्ये बोलायचे, ते कानांबरोबर बंद पडलं. मग शबानानं त्यांना डिजिटल मोड दाखवला. अक्षरं टाइप करायची, ती बारीक सूर होऊन हवेत जातात, पलीकडचा कॉम्प्युटर वाचतो. ऐकायचं काहीच नाही, बघायचं. पडद्यावर निळा धबधबा संथ उतरत राहतो आणि त्यात प्रत्येक स्टेशन म्हणजे एक पांढरा धागा. बघता बघता माणूस बसल्या जागी कुठंतरी वाहत जायचा.

तेवढ्यात आंद्रेयचं पत्र आलं. महिनाअखेर तो घर सोडून लेकीच्या फ्लॅटमध्ये चाललाय, तिथं अँटेना लावता येत नाही. तोवर दर रविवारी दुपारी ठरल्या जागी, म्हणजे ठरल्या फ्रिक्वेन्सीवर, तुमच्या नव्या मोडमध्येच हाक मारेन. ताकद पाच वॅट, म्हणजे देवघरातला बल्ब! कॅलेंडरवर उरलेल्या चार रविवारांना मास्तरांनी पेन्सिलीनं गोल केले.

०

भांडण लागलं ते रेडिओच्या एका बटणावरून. रिसीव्हरनं किती रुंद पट्टा ऐकायचा ते त्यावर ठरतं.

शबानानं मला समजावलं, "चाचा, दुधाची गाळणी समजा. मोठी ठेवली तर सगळा धबधबा दिसतो. बारीक ठेवली तर मधली बोटभर पट्टी, बाकी अंधार."

तात्या लगेच उभे राहिले. "मोठी ठेवा! सोसायटी सगळ्यांची हाय. कुणाला बाहेर ठेवायचं न्हाई!"

मास्तरांना पाटीवर लिहून दाखवलं. ते म्हणाले, "मला एकाशीच बोलायचंय. बारीक करा."

०

पहिल्या रविवारी चेअरमनपदाचा मान म्हणून गाळणी मोठी. धागेच धागे! इतक्यात कुठलंसं दांडगं स्टेशन उगवलं आणि बाकीचे सगळे धागे पुसले गेले.

"असं कावून झालं?" तात्या चकित.

शबाना म्हणाली, "मोठा आवाज आला की रेडिओ आपला कान आखडून घेतो. मग बारके आवाज मेलेच. सभेत एकजण माइकवर बोंबलायला लागला, की मागं बसलेल्या बाईचं कुणी ऐकतं का?"

तात्या खिडकीबाहेर बघायला लागले. कारण दर सभेत माइकवर तेच असतात!

०

आठवडाभर तात्यांनी गाळणी मोठीच ठेवली. रोज दुपारी धबधब्यात एक जाडजूड फरांटा उमटायचा. तात्या म्हणायचे, "लई मोठा देश दिसतो! उत्तर का देईना?"

तो देश म्हणजे पाण्याचा टँकर होता! पंपाची मोटार ठिणग्या मारायची, त्याची ती खूण. ही बातमी गावात फुटली आणि बाया घागरी घेऊन खिडकीशी यायला लागल्या. "शबाना, बघ गं तुझ्या त्या निळ्या पाण्यात. आमचं पाणी आलं का?"

०

दुसऱ्या रविवारी मास्तरांची पाळी. गाळणी बारीक, इतकी बारीक की पडद्यावर करंगळीएवढी पट्टी. मास्तर दोन तास तिच्याकडं बघत बसले. भाकरी तशीच. चहा मी तीनदा गरम केला.

संध्याकाळी शबानाच्या लक्षात आलं, पट्टी ठरलेल्या जागेच्या बाजूला सरकली होती. आंद्रेयनं हाक मारली असेल तर ती शेजारून निघून गेली.

"कुलूप चांगलं लावलं," मी म्हणालो, "पण शेजाऱ्याच्या दाराला!"

कुणीच हसलं नाही. माझ्या आयुष्यात असं क्वचित घडतं.

तिसऱ्या रविवारी वीजच आली नाही, इन्व्हर्टरनंही मान टाकली.

०

वातावरण हलकं करायला म्हणून मी एक उद्योग केला. शबानाच्या जुन्या मोबाइलवर तसला सूर भरून घेतला आणि वायरीनं गुपचूप कॉम्प्युटरला दिला. हवेत काही सोडलं नाही हं! पडद्यावर रोमन अक्षरं उमटली, 'चेअरमन साहेब, आमच्या बेटावर दूध कधी पाठवता?'

तात्यांनी टोपी सरळ केली आणि टाइप करायला बसले, 'सध्या दुष्काळ आहे, तरी संचालक मंडळापुढं विषय ठेवतो...'

वायर सापडल्यावर ते चप्पल घेऊन मागं लागले. मास्तरही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मात्र माझा कान धरून म्हणाले, "आंद्रेयच्या नावानं असं केलंस तर तोंड बघणार न्हाई तुझं."

०

शेवटचा रविवार. गाळणी बारीक, पट्टी बरोब्बर जागेवर, शबानानं तीनदा तपासलेली. दुपार कलली आणि पट्टीत केसाएवढा धागा उतरला. अक्षरं आली. मास्तरांचा कॉलसाइन, म्हणजे त्यांचं हवेतलं सरकारी नाव. मग 'आंद्रेय'.

मास्तरांनी पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"बस कर बे," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

मी खिसे उलटे केले, सदरा झटकला, आईची शपथ घेतली. शबानानं पाटीवर 'खरंय' लिहिलं. मास्तर दाराशी पोचले. तेवढ्यात धागाही थांबला.

"संपलं का?" म्हणत तात्यांनी बटण फिरवून गाळणी मोठी केली. आणि लांब एका कडेला, पट्टीच्या कितीतरी बाहेर, ठिपके आणि रेघा पडायला लागल्या. उत्तर येईना म्हणून पलीकडच्यानं कॉम्प्युटर सोडून मोर्सची ठोकायची किल्ली हातात घेतली होती. रेडिओ मोर्सवर टाकला की सिग्नल जागा सोडतो, हे आम्हाला कुठलं सुचायला!

तात्यांनी मास्तरांना दंडाला धरून पडद्यासमोर आणलं. मास्तर उभ्याउभ्या बघत राहिले. मग त्यांचं बोट टेबलावर वाजायला लागलं.

"शेवटची रेघ बघ कशी ओढतो," ते म्हणाले. "हा त्याचाच हात. ह्या नालायकाला सात जन्मात जमणार न्हाई!"

त्यांनी खोक्यातून आपली पितळी किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि उत्तर पाठवायला लागले. आपलं एकही अक्षर त्यांना ऐकू येत नव्हतं. पलीकडून पुन्हा ठिपके उतरले. मास्तर ते वाचून खुदकन हसले.

तात्यांना राहवेना. पाटीवर लिहिलं, 'काय म्हणतो?'

"म्हणतो, हात थरथरायला लागला तुझा. म्हातारा झालास."

'मग तुमी?'

मास्तरांनी किल्लीवर चार-दोन शब्द वाजवले आणि आमच्याकडं वळले.

"म्हणलं, मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाई!"