मागच्या बुधवारचा उपवास

मॅडमनी कपावर हात ठेवला. "आमचा लेंटचा उपवास आहे हो. पाणीसुद्धा नको."

मॅडम म्हणजे आमच्या चर्चच्या सेक्रेटरींची बायको. त्यांनी हात ठेवला आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनाच एकदम उपवास आठवला. चहा तसाच ट्रेमध्ये. वर साय धरली.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, दर बुधवारी एकेका घरी प्रार्थना ठेवायची आमच्या चर्चची पद्धत. कसबा बावड्यातल्या आमच्या खोलीवर ती पहिल्यांदाच आली होती. मी नववीत होते. आई चर्च झाडायची. आजोबा कागलकडच्या मांगवाड्यातून आलेले, हे सगळ्यांना पाठ. बायबलमधली वचनं तेवढी पाठ नसतील. म्हणून आईने नवे कप आणले होते. त्यांची लेबलं मुद्दाम काढली नव्हती. नवे आहेत हे दिसावं म्हणून.

लोक गेल्यावर आई रडली. अपमान झाला म्हणून नव्हे. तिला वाटलं, चूक तिचीच. "लोकं उपासाची, आन् मी च्या ठिवला म्होरं. द्येवाला काय वाटलं आसंल?" तिने चहा मोरीत ओतला आणि प्रायश्चित्त म्हणून आठवडाभर एकवेळच जेवली. भोळी. त्या भोळेपणाचा मला आजही राग येतो.

पुढच्या बुधवारी प्रार्थना मॅडमच्या बंगल्यावर. आई दुपारपासून तिथे फरशी पुसायला, भांडी घासायला. मी दारापाशी बसलेले. शेवटचं गाणं झालं आणि आतून भजी आली, चहा आला. मागच्या बुधवारचे सगळे उपाशी हात भज्यांवर पडले. मॅडमनी चहाचा घोट घेतला.

मी उठून विचारलं, "मॅडम, तुमचा उपवास?"

त्या हसल्या. "अगं, तो मागच्या बुधवारी होता."

"आमच्या घरापुरता?"

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मुली, लेंटमध्ये मन नम्र ठेवावं." मला म्हणाले. मॅडमना नाही. स्वयंपाकघराच्या दारात आई ओल्या हातांनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तरी माझ्यावरच ओरडली, "गप बस की! द्येवाच्या कामात त्वांड घालू नगंस."

माझ्या पुढ्यातली बशी मी तशीच ठेवली आणि चालत घरी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई कप घेऊन बसली आणि नखाने लेबलं खरवडायला लागली. "माजा उपास फुकट गेला," एवढंच म्हणाली.

मी आता कागलच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. परवाच्या रविवारी नव्या पाळकांनी सांगितलं, लेंटला सामोरं जाताना मनोवृत्ती योग्य हवी, जुनं विसरा, क्षमा करा. विसरायचं कुणी, हे कुणीच सांगत नाही. मॅडम पुढच्या बाकावर मान डोलवत होत्या. प्रार्थनेच्या घरांची यादी फिरत माझ्याकडे आली. मी दुसऱ्या बुधवारपुढे माझं नाव लिहिलं.

घरी आई म्हणाली, "परत कशाला गं? नगं त्ये."

"कप काढ," मी म्हणाले.

चहा होणार. जो कुणी कपावर हात ठेवेल, त्याच्यासमोर मी पुढच्या बुधवारी उभी राहणार. घर कुणाचंही असो. सगळ्यांदेखत नाव घेऊन विचारणार, तुमचा उपवास आहे ना? मग त्याच्या पुढच्या बुधवारीही. ईस्टरपर्यंत. आणि क्षमेचं म्हणाल, तर ती मागायला आमच्या दारात अजून कुणीही आलेलं नाही.