मंग वाट कुठी गेली?

त्या शुक्रवारी एस.टी. मूर्तिजापूरच्या स्टँडवर उभी होती आणि फोन आला. सिस्टरच्या शेजारणीचा. "मॅडम, कुठपर्यंत आल्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टर गेल्या जी. सकाळी चहा पिता पिता, बसल्या जागी."  माझ्या मांडीवर त्यांची तपासलेली वही होती.

नलिनी सिस्टर अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मी तिथल्याच एका कॉलेजात तीस वर्षं फ्रेंच शिकवलं आणि निवृत्तीनंतर अकोल्याला एकटी राहायला आले. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. सिस्टरचा मुलगा फ्रान्समध्ये. सून तिकडचीच, नात लेआ फक्त फ्रेंच बोलणारी. सिस्टरनी मला शोधून काढलं आणि सरळ सांगितलं, "पोरगा मधात बसते. मी धा वाक्यं बोलतो, तो दोन सांगते. मले नातीसंग माह्या तोंडानं बोलाचं हाय." झालं! दर शुक्रवारी मी अकोल्याहून अमरावतीला त्यांच्या घरी निघायची. एका विद्यार्थिनीसाठी एवढा प्रवास कशाला, असं लोक विचारत. घरात बसून काय करू, हे त्यांना कुठे सांगत बसू?

फ्रेंचमध्ये 'त्याला', 'तिला', 'तुला' हे कर्म क्रियापदाच्या आधी येतं. कॉलेजातली पोरं इंग्रजीच्या सवयीनं ते मागे ढकलायची, माझं डोकं उठायचं. सिस्टरना पहिल्याच दिवशी जमलं. "मी त्याले पाहतो. त्याले आधी, पाहतो मंग. हे त आपलंच हाय!" 'त्याला'साठी असलेला 'ल' मात्र त्या हट्टानं 'ले' असाच वाचायच्या. मी ओरडले की म्हणायच्या, "तिकडं बी कोणी वऱ्हाडी गेला असन, मॅडम."

एकदा त्यांना नातीला सांगायचं होतं, मी तुझी वाट पाहते. वहीत लिहिलं, 'ज रगार्द तों शमँ'. म्हणजे, मी तुझा रस्ता बघते. मराठीतून शब्दाला शब्द! मी लाल पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, 'ज ताताँ'. आधी 'तुला', मग क्रियापद, संपलं. सिस्टरनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मंग वाट कुठी गेली?"

"क्रियापदातच आहे, सिस्टर."

"दिसत त नाही. वाटच नसन त पोरगी येईन कुठून?"

मी चिडले. अर्धा मार्क कापला. पासष्टीच्या बाईचा अर्धा मार्क! आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सिस्टर गेल्यावर महिन्याभरानं मुलगा लेआला घेऊन आला. मी भेटायला गेले, शुक्रवारीच. नऊ वर्षांची पोर, बापाच्या मागे मागे. मी फ्रेंचमध्ये बोलले तशी एकदम जवळ आली. म्हणाली, "आजी दर वेळी फोनवर म्हणायची, मी तुझा रस्ता बघते. कोणता रस्ता?" म्हणजे बाईनं माझं एक ऐकलं नव्हतं! मी तिला फाटकाशी नेलं. पीठगिरणी दाखवली, पानठेला दाखवला, ऑटो वळतो तो कोपरा दाखवला. ती नीट बघत राहिली. मग म्हणाली, "शुक्रवारी व्हिडिओ कॉल केला की आजी इथेच उभी असायची. तुमचा रस्ता बघायला."

मला वाटायचं, सिस्टर योगायोगानं फाटकात भेटतात... दर शुक्रवारी.

"की वूझाताँ?" पोरीनं विचारलं. आता तुमची वाट कोण पाहतं? यातही 'तुम्हाला' क्रियापदाच्या आधी. तीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं, पोरांकडून उत्तरं घोकून घेतली. मला कधी कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "जाते बेटा, बस चुकेल."

बसला अजून दीड तास होता.