तोआनदादांच्या हातची भवानी

सायगॉनमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता काचेचं, गार हवेचं कॉफीचं दुकान आहे. पण जुन्या माणसांना पहाटे अजून तिथून भाजल्या पावाचाच वास येतो. लुआचं बान्ह मीचं, म्हणजे भरल्या पावाचं दुकान ते. दुकान कसलं, भिंतीला टेकवलेली काचेची पेटी, कोळशाची शेगडी आणि चार बुटकी प्लास्टिकची स्टुलं. लांबट पाव शेगडीवर कुरकुरीत करायचा, चिरून आत कलेजीचा लेप, डुकराच्या मांसाचे काप, गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं, कोथिंबीर, मिरची. वाडगाभर नूडल्सच्या निम्म्या पैशात पोट भरायचं, म्हणून हमालापासून बँकेतल्या पोरींपर्यंत सगळे तिथेच उभे.

दुकान मूळचं लुआच्या आईचं. टंचाईच्या काळात पीठ रेशनवर मिळायचं, पाव काळपट आणि विटेसारखा निघायचा, तरी लोक तो मिटक्या मारत खायचे. आई गेली, लुआ दुकानात उभी राहिली आणि बरकतच गेली. पहिलंच गिऱ्हाईक घासाघीस करून न घेता निघून जायचं. लुआ रीतीप्रमाणे कागद पेटवून दुकानावरून ओवाळून टाकायची, तरी पाव पडून राहायचे. मग एका सकाळी समोरचे तोआन शिंपी सगळ्यांच्या आधी आले, भाव न विचारता पैसे ठेवले, पाव कागदात गुंडाळून घेऊन गेले, आणि दुपारच्या आत पेटी रिकामी. तेव्हापासून भवानी त्यांचीच. पुढे त्यांची बायको वारली, शिवणयंत्र गंजलं, लुआचे केस पिकले, पण पहिला पाव दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

नव्या वर्षाचा सण उलटला आणि एके दिवशी तोआनदादा आलेच नाहीत. रांग वाढत गेली. लुआ हाताची घडी घालून ढिम्म उभी. बँकेतली मुलगी उशीर होतोय म्हणून कुरकुरली. मोटरसायकलवरून सवाऱ्या नेणाऱ्या दिन्हला राहवेना.

"ताई, आजची भवानी मी करतो की. मी काय पांढऱ्या पायाचा आहे?"

"तुझा हात लागला तर संध्याकाळी मलाच हे पाव चावत बसावं लागेल."

रांग हसली, पण निम्मी नूडल्सवाल्याकडे गेली. लुआचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. एकटा म्हातारा माणूस, रात्रीतून काही झालं तर कळणार कुणाला? ती दुकान तसंच उघडं टाकून समोर गेली.

दादा खाटेवर बसले होते, गाल सुजलेला. मेजावर कालचा आणि परवाचा पाव पडला होता, आतला कलेजीचा लेप तेवढा खाल्लेला, पाव तसाच. एक तुकडा सोयाबीनच्या दुधात भिजत होता. सणाच्या आधीच दात संपले होते. आता हिरडी सुजली, हे तोंड घेऊन गेलो तर सगळ्यांना कळेल, म्हणून ते घरीच बसले होते.

"मग रोज पाव नेता कशाला?" लुआने विचारलं.

दादांनी दुधात भिजलेला तुकडा मागे सारला.

"मला चावता येत नाही हे कळलं तर भवानीला तू दुसरं कुणी बघशील. ही गेल्यापासून सकाळी माझी वाट बघणारं तेवढं एकच ठिकाण उरलंय, लुआ."

जीव कळवळला की लुआ भांडायचीच.

"भवानीला हात लागतो दादा, दात नाही. उठा."

दंडाला धरून तिने त्यांना दुकानात आणून स्टुलावर बसवलं. दादांनी पैसे ठेवले. लुआने पाव शेगडीवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला, पार मऊ होईतो. मांस बारीक चेचलं, वर कांद्याच्या पातीचं गरम तेल घातलं आणि बशी त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांत ते तिथे बसून कधी जेवले नव्हते. पाव घरी न्यायचे आणि बायको गेल्यापासून एकटेच खायचे. हे तिच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिन्ह पुढे सरकला. पैसे तर पडले, आता भवानी झाली ना, असं त्याने हळूच विचारलं.

लुआने दुसरं स्टूल ओढलं आणि ती दादांच्या शेजारी बसली.

"अजून नाही," ती म्हणाली. "आधी दादांचं पोट भरू दे."