भाऊंचा वन्स मोअर

कुंदा गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली. सकाळचा चहा गाळत होते. जुन्या हॉस्टेलच्या ग्रुपवर तिचा फोटो, खाली दोन समया आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पाठोपाठ प्रत्येकीनं तेच दोन शब्द पाठवले. कुंदा असती तर म्हणाली असती, भावपूर्ण आहे की नाही हे पाठवणाऱ्यानं कशाला सांगायचं? ज्याला मिळालं त्याला ठरवू द्या. गाण्याबद्दलही तिचं नेमकं हेच मत होतं, आणि त्यावरून सख्ख्या भावाशी तिचं कधीच पटलं नाही.

भंडाऱ्यात शोकसभा झाली. वक्त्यांनी तिच्या नावाचा झेंडा सातासमुद्रापार फडकवला. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला तिचंच बोलणं आठवत होतं : “झेंडा कायचा बाई! तिकडं मी समूहात मागच्या रांगेत उभी राहायची. समोर हा उंच माणूस. लोकाईले माहे केस दिसले असतील तर नशीब.” तिनं आयुष्यभर काय गायलं, हे त्या सभेत कुणालाच सांगता आलं नाही. एकानं ‘पाश्चात्त्य भावगीत’ म्हणून वेळ मारून नेली.

ती बरोक गायची. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं गाणं. नागपूरच्या मिशनच्या शाळेत एका बाईंनी तिचा आवाज हेरला, चर्चच्या गानवृंदात उभं केलं, पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळच्या धानाच्या बांधीतून, भाताच्या खाचरातून, ही मुलगी थेट तिकडं गेली. पण गाणं तिच्या घरात त्याआधीच होतं. थोरले भाऊ, वामनभाऊ, धान करायचे आणि हंगाम सरला की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत काम करायचे. रडण्यासाठी त्यांचं नाव होतं. टाकलेला बाप, फसलेला मित्र, काहीही द्या. दुसऱ्या अंकात भाऊ असे रडायचे की समोरच्या बायका पदर ओले करायच्या. कुंदाला पहिलं पद त्यांनीच शिकवलं, परकराच्या वयात स्टेजवर उभं केलं. तेव्हाचा त्यांचा हुकूम एकच : “डोळ्यांत पाणी आण. मंग सूर.”

तिकडं तिला बरोबर उलटं शिकवलं. डोळ्यांत पाणी आलं की गळा आवळतो, सूर बसतो. दुःख शब्दांवर किती रेंगाळायचं, श्वास कुठं मोडायचा, उजवा हात कोपरातून किती सावकाश उचलायचा, यात ठेवायचं. आपण कोरडं राहायचं. हे तिला मनापासून पटलं. ती परत आली, भंडाऱ्यात दोन खोल्या घेतल्या, मुलांना गाणं शिकवू लागली, आणि पहिल्याच दिवाळीला भाऊंना एका टाकलेल्या राणीचा विलाप म्हणून दाखवला. भाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “कुंदे, तू गाऊन राहिली का सातबारा वाचून राहिली?”

“भाऊ, मीच रडली त लोकाईनं काय करायचं?”

“लोकं तुले पाहूनच रडतात नं! रडणं हाय कुठं यात?”

यावर दोघं वर्षानुवर्षं भांडले. तिची मतं पक्की होती, बोलणं धारदार होतं, मला तर वाटायचं तिला कुणाची पर्वाच नाही. एकदा मात्र वैनगंगेच्या पुलावरून चालताना ती एकदम थांबली. “बाकी कोणी काय म्हणते, मले घेणं नाही,” म्हणाली. “भाऊनं एकदा म्हणावं, गायली म्हणून... बस.” आणि लगेच वांग्यांच्या भावावर बोलू लागली.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुपारी दंडारीचा नाच, रात्री नाटक. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या मंडईत दंडारीची मंडळी यायला उशीर झाला, आणि स्टेज रिकामं नको म्हणून सरपंचांनी कुंदाला उभं केलं. कलेची सेवा वगैरे काही नव्हतं. भोक बुजवायचं होतं. तिचा एक विद्यार्थी कीबोर्डला बसला. तिनं माइकवर चारच वाक्यांत राणीची गोष्ट सांगितली : नवरा जहाजात बसून गेला, ही काठावर उभी आहे. समोर पोरं जिलेबी खात होती, दोन बाया सुनांबद्दल बोलत होत्या. कुंदा गाऊ लागली.

या गाण्याची एक रीत आहे. पहिला भाग गायचा, मग मधला, त्यानंतर क्षणभर थांबून पुन्हा पहिला. पण या खेपेला गाणाऱ्यानं त्यात आपल्या हरकती घालायच्या. शब्द तेच, राणी मात्र पहिली राहिलेली नसते. मधला भाग संपला. कुंदाचा हात कोपरातून अर्धा वर आला आणि थांबला. जिलेबीची पोरंही गप्प. लोकांना वाटलं, संपलं. तेवढ्यात विंगेतून आवाज आला, “वन्स मोअर!”

भाऊच होते. रात्रीच्या नाटकातल्या म्हाताऱ्या बापाचा मेकअप आधीच करून उभे होते. कुंदानं तिकडं पाहिलं, आणि ती परत पहिल्या भागावर आली. त्यानंतर ती जे गायली ते मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, तिचे डोळे शेवटपर्यंत कोरडे होते. सुनांचं बोलणाऱ्या बाया मात्र एकमेकींकडं न बघता बसल्या होत्या.

गाणं संपल्यावर कुंदा आणि मी विंगेत गेलो तर भाऊंच्या गालावरचा रंग ओघळून पांढऱ्या मिशीत उतरला होता.

“भाऊ, कायले रडून राहिले?”

“तू नाही रडली नं,” भाऊ चिडून म्हणाले. “कोणीतरी त रडा लागते. मेकअप गेला माहा. आता पुन्हा बसा!” मग तोंड फिरवून, “गायली बाप्पा... गायली.”

परतताना मी कुंदाला विचारलं, तो भाग तसाही परत गायचाच होता, हे भावाला सांगितलंस का? ती ऑटोच्या बाहेर बघत होती. “काहून सांगू? तिकडं कागदावर लिवलं असे म्हणून परत जायची मी. आज भाऊनं म्हटलं म्हणून गेली.”

मागच्या आठवड्यात भाऊंकडं गेले होते. त्या दिवशीचं गाणं सुनेनं मोबाइलवर धरलं होतं. तिच्या मोबाइलची जागा शुभ सकाळच्या गुलाबांनी इतकी भरलेली, की भाऊंची हाक आली आणि चित्रण तिथंच तुटलं. परत आलेली कुंदा त्यात नाही. भाऊंनी मला विचारलं, “मॅडम, मी हाक देल्ली नसती, त ते गायली असती का पुन्हा?”

“नाही,” मी म्हटलं. हे पेपरात छापून येईल, आणि सूनबाई त्यांना पेपर वाचून दाखवते. तिला विनंती, गाण्याची रीत, ऑटोतलं बोलणं आणि हे, एवढा भाग गाळावा.

मग त्यांनी मोबाइल खाटेवर ठेवून गाणं लावलं. पहिला भाग झाला, मधला झाला. वन्स मोअर, असं मोबाइलमधले भाऊ ओरडले आणि सगळं थांबलं. खाटेवरच्या भाऊंनी मोबाइलला हात लावला नाही. डोळे मिटून, मांडीवर बोट सावकाश हलवत ते बसून राहिले, पुढचं गाणं जितका वेळ चाललं असतं तितका वेळ. मग बोट थांबलं.

“हं,” म्हणाले. “झालं.”