सकाळचा माल वेगळा वाजतो

"साहेब, तुमचे पीस आमचे ड्रिल खाऊन राहिले," नागपूरचे पंपवाले देशमुख फोनवर म्हणाले. "पुढचा लॉट असाच आला, तर मी डाय उचलून नेईन."

डाय म्हणजे लोखंडी साचा. वाळूचा साचा एकदाच कामी येतो. हा उघडायचा, कास्टिंग काढायचं, पुन्हा मिटायचा. सौंसरजवळच्या फाउंड्रीत मी सुपरवायझर होतो. डाय देशमुखांच्या मालकीची होती आणि तिच्यावर आमच्या सहा माणसांचं काम होतं.

लोखंडी साच्यात लोखंड ओतताना एकच भीती. साचा थंड असला, की रस झटकन गोठतो आणि काचेसारखा कडक होतो. आम्ही त्याला 'चिल' म्हणतो. म्हणून साचा आधी बर्नरनं तापवायचा, रस हळू गोठावा म्हणून आतून काजळीचा थर धरायचा.

लॅबचे रिपोर्ट पाहिले. रस ठीक होता. काजळीही ठीक.

थंडीचे दिवस होते. सकाळी संत्र्याच्या बागांवर इतकं धुकं असायचं, की शेडच्या दारापुढे जग संपल्यासारखं वाटे. त्या पांढऱ्यात केशरी रसाची धार पडायची. मी बघतच राहायचो. किती वेळ गेला, ते कळायचं नाही.

"साहेब," ग्राइंडिंगवरच्या कुसुमबाई म्हणाल्या, "सकाळचा माल येगळा वाजून राहिला."

"म्हणजे?"

त्यांनी दोन पीस हातोडीनं वाजवले. दुपारचा ठस्स वाजला. सकाळचा टन्न, देवळातल्या घंटेसारखा. नाद हवेत रेंगाळला. मी तो पीस फोडला. आत पांढराशुभ्र, म्हणजे चिलच.

"कधीपासून?"

"थंडी पडली तवापासून. बर्नर लवकर काढून राहिले ना."

बर्नर लवकर काढायला मीच सांगितलं होतं. मालाची गाडी वेळेत निघावी म्हणून.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

मी देशमुखांना फोन लावला. "चूक माझी आहे. पीस वाजवून बघा, टन्न वाजतील ते परत पाठवा, वितळवतो."

ते म्हणाले, "मंग डाय तापेपर्यंत चहा घेत जा ना साहेब."

दुसऱ्या दिवशी साचा पुरता तापेपर्यंत कोणी हात लावला नाही. सगळे धुक्याकडे बघत बसलो. पहिला पीस कुसुमबाईंनी वाजवला. ठस्स. फोडला, तर आत पाटीसारखा करडा.

डाय आमच्याकडेच राहिली. साहेबाची चूक साहेबाला आपणहून कोणी सांगत नाही. विचारावी लागते, आणि तीही लॅबमध्ये जायच्या आधी.