मंदे, रिंग पाठव

शैला गेल्याची बातमी घेऊन तिचा धाकटा भाऊ अरुण आमच्या हॉस्पिटलात आला, तेव्हा मी ड्रेसिंग रूममध्ये हातमोजे फुंकत बसले होते. ऑपरेशनचे रबरी मोजे धुवायचे, वाळवायचे, फुगवून कुठे भोक पडलंय का ते बघायचं आणि पावडर लावून ठेवायचे, हे आमचं रोजचं दुपारचं काम. अरुण ऑफिस सोडून भर दुपारी मुलुंडहून घाटकोपरला आला म्हणजे काहीतरी वाईटच असणार. त्याने खिशातून तार काढून दिली. टांझानियातल्या त्या आडगावातल्या हॉस्पिटलातून आलेली. मलेरिया मेंदूत गेला, तीन दिवसांत सगळं संपलं, अंत्यसंस्कार तिथेच केले... मी तार वाचली, अरुणला स्टूल दिलं आणि उरलेले मोजे फुंकत राहिले. त्याला वाटलं असेल, काय बाई आहे ही. पण काम अर्धवट टाकून उठलं की शैला ओरडायची. ती सवय अजून गेलेली नाही. आज या गोष्टीला नऊ आठवडे झाले.

नर्सिंगच्या हॉस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती मुलुंडची, वडील सरकारी कचेरीत, घरी चक्क फोन. मी भटवाडीतली, बाबा गिरणीत, आईच्या तोंडी आजही मालवणी. शैला दिसायला काडीसारखी आणि तोंडाने फटकळ. वॉर्डात एखादा पेशंट इंजेक्शनला कां कूं करायला लागला की म्हणायची, "काका, ओरडायचं तेवढं ओरडा, टोचायचं काम मी करते." आणि हात असा हलका की काकांचं ओरडायचं राहूनच जायचं. माझ्या डब्यातले सुके बोंबील तिने कधी सोडले नाहीत. तुझ्या घरी कळलं तर, असं विचारलं की म्हणायची, "मंदे, तू सांगणारेस का? मग गप जेव ना." मला मंदे म्हणणारी ती एकटीच होती.

आमच्या निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंनी टांझानियातल्या त्या हॉस्पिटलाचं सांगितलं. पगार नाही, राहायला खोली आणि जेवण, दोन वर्षांसाठी दोन नर्स हव्यात. शैला म्हणाली, "आपण जाऊ या यार." मीही हो म्हटलं. पासपोर्ट काढले, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, दोघींचे दंड सुजले म्हणून हसलोसुद्धा. आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने बाबा म्हणत होते, मिटेल. मग म्हणायचं थांबले. घरात माझ्या एकटीचा पगार उरला. आई म्हणाली, "तुका जावचा आसात तर जा, आमचा आमी बगू." तिने अडवलं असतं तर बरं झालं असतं, मला तिच्यावर तरी चिडता आलं असतं.

चिडले ती शैलावर. मुलुंडला त्यांच्या गच्चीत ती मला समजावत होती की वर्षभर थांबू, मग जाऊ. मला ते सहनच झालं नाही. मी म्हटलं, "तुला परवडतं गं सेवा करायला. तुझ्या घरी चूल पेटायची थांबणार नाहीये." एवढी फटकळ मुलगी, पण त्या दिवशी तिने फक्त दोरीवरचे कपडे काढले, घडी केली आणि खाली गेली. ती निघाली त्या दिवशी मी विमानतळावर गेले नाही. ड्युटी आहे असा निरोप पाठवला. ड्युटी नव्हती.

तिची तीन पत्रं आली. मी एकालाही उत्तर दिलं नाही. लाज वाटत होती, आणि रागही होता. कोणाचा कोण जाणे. चौथ्या पत्रात गच्चीचा विषय नव्हता, आधीची तीन पत्रं मिळाली का, हेही नव्हतं. होतं ते कुकरचं. वरणभातासाठी तिच्या आईने पाच लिटरचा कुकर ट्रंकेत कोंबला होता. तिथे ऑपरेशनची हत्यारं वाफवायचं जुनं यंत्र बंद पडलं, तेव्हा आमच्या शैलाबाईसाहेबांनी कात्र्या, चिमटे या कुकरात घालून स्टोव्हवर चढवले. पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक करायची आणि घड्याळ लावून वीस मिनिटं ठेवायचं. तिथे कुकर कोणी पाहिलेला नव्हता. पहिल्या शिट्टीला पेशंटांचे नातेवाईक चुलीवरची भांडी टाकून पळाले होते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "याचं रबर सैल झालंय. लिहायला वेळ नसेल तर लिहू नकोस. पण मंदे, रिंग पाठव."

आता रिंगसाठी कोणाचं ऑपरेशन अडवायचं का? स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून रिंग आणली, मोज्यांना लावतो तशी पावडर लावली, आठाच्या आकड्यासारखी दुमडून पाकिटात घातली. नुसती रिंग कशी पाठवायची, म्हणून दोन ओळी लिहिल्या. पुढच्या खेपेला पानभर झालं. दर तीन-चार महिन्यांनी तिचं रबर जायचं आणि दर तीन-चार महिन्यांनी माझं पत्र. तिची पत्रं वाचून ते हॉस्पिटल मला पाठ झालं होतं. सायकलच्या कॅरियरवर बसून येणाऱ्या बाळंतिणी, जास्वंदीच्या कुंपणावर वाळत घातलेली बँडेजं, बरा झालेला पेशंट कोंबडी घेऊन यायचा आणि ती कोंबडी शैलाच्याच खोलीत अंडं घालायची. शिट्टी झाली की आवारातले लोक आपोआप हळू बोलायला लागायचे, आत कोणाचं तरी पोट उघडणार हे त्यांना कळायचं. एका गणपतीला तिने त्याच कुकरात मोदक उकडले, तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरात वेलचीचा घमघमाट. "डॉक्टरांनी विचारलं, हे कुठलं नवीन औषध," असं तिने लिहिलं होतं. मी ड्रेसिंग रूममध्ये एकटीच हसत सुटले होते.

दोन वर्षं संपली, ती तिथेच राहिली. प्रत्येक पत्रात विचारायची, कधी येतेस? खोलीत दुसरी खाट होती. तिच्यावर ती धुतलेले कपडे टाकायची, "तू आलीस की उचलीन." मी आधी संपाचं कारण दिलं, मग धाकट्या भावाच्या कॉलेजचं. मग भाऊ नोकरीला लागला, तेव्हा आईचे गुडघे. खरं सांगायचं तर मी घाबरत होते. एवढ्या वर्षांनी तिच्यासमोर जाऊन उभी राहणार आणि काय बोलणार? या पावसाळ्यात मात्र एका रिंगबरोबर लिहून टाकलं, बिनपगारी रजा मिळतेय, दिवाळीनंतर येते. तिचं उत्तर आलं नाही. तार आली.

गेल्या आठवड्यात तिची ट्रंक आली. अरुणने मला मुलुंडला बोलावलं. वर तिथल्या डॉक्टरांचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की आजारी पडायच्या आदल्या दिवशी शैला खोली झाडत होती, दुसऱ्या खाटेवरचे कपडे उचलून तिने त्यावर चादर घातली, माझी मैत्रीण येणार आहे म्हणून सगळ्यांना सांगत सुटली होती. आणि खाली एक साधी ओळ. वाफेचं नवं यंत्र येऊन चार वर्षं झाली, त्यामुळे हा कुकर इथे लागत नाही, तो तिच्या आईला परत पाठवतो आहोत.

चार वर्षं. मी कुकर उघडला. आत त्या चार वर्षांतल्या माझ्या रिंगा होत्या, प्रत्येक आपापल्या पाकिटात, मी दुमडल्या होत्या तशाच दुमडलेल्या. पावडरसुद्धा पुसलेली नव्हती. पत्रं तेवढी काढून घेतलेली. ती अरुणला ट्रंकेतल्या उशीच्या अभ्र्यात सापडली, सुतळीने बांधलेली.

शैलाच्या आईने कुकर मलाच दिला. काल त्यात डाळ लावली. पहिल्या शिट्टीला माझ्या हाताने ज्योत बारीक केली आणि मी घड्याळाकडे बघत बसले, पुरी वीस मिनिटं. डाळीचा पार चिखल झाला. आई तशीच जेवली. पासपोर्ट मी कपाटातून काढून ठेवलाय, त्याचं काय करायचं ते अजून कळत नाही.

अगं, पत्र लिही म्हणून सरळ सांगायचं होतंस ना... मी लिहिलं नसतं. तुला ते माहीत होतं.