मेलेली म्हणून सांगितलेली डिस्क

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी माहेरी ख्याती आहे! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्याकडे जेवायला येणार नाही.

आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळी हार्ड डिस्क असते. घरात सगळे तिला मेलेली समजतात. ती मेलेली नाही. ठणठणीत आहे.

डिस्क माझ्या दिराची, मयूरची. मयूर लिनक्सवाला. सगळं घर विंडोज वापरतं म्हणून हा वापरणार नाही, अशातला. त्याच्या लग्नाचं सगळं घरगुती शूटिंग त्यानं तिच्यात भरलं, डिस्क आमच्याकडे ठेवली आणि नोकरीसाठी परदेशी गेला. पुढच्याच वर्षी आप्पा, म्हणजे माझे सासरे, गेले. तेव्हा आईंना, माझ्या सासूबाईंना, ती डिस्क आठवली. आप्पांचे फोटो होते, पण सगळ्यांत चेहरा आधार कार्डावरच्यासारखा. हसते-बोलते आप्पा फक्त त्या डिस्कमध्ये. नवऱ्यानं ती लॅपटॉपला लावली, तर विंडोज म्हणालं, आधी फॉरमॅट करा – म्हणजे आतलं सगळं पुसून टाका. त्याला घामच फुटला. घाईघाईनं डिस्क काढून त्यानं माझ्या हातात दिली – तुझ्या ऑफिसात कुणाला तरी दाखव.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं मला पेनड्राइव्हवर एक छोटासा प्रोग्राम दिला. इन्स्टॉल करायची भानगड नाही, पेनड्राइव्हवरूनच चालतो आणि लिनक्सची डिस्क विंडोजमध्ये उघडून दाखवतो. सुटीच्या दुपारी घरात कुणी नसताना मी लावून पाहिला. उघडली की! हळद, मांडव, वरात – सगळं जागच्या जागी. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले.

मग ती क्लिप लागली. कुणीतरी चालू कॅमेरा फ्रिजवर ठेवून गेलं होतं. स्वयंपाकघरात मी, भोवती नणंदा, आणि मी – कसं सांगू? – आईंची नक्कल करत होते.

आई घोटीकडच्या. जन्म भाताच्या खाचरांत गेला, म्हणून सिडकोतल्या आमच्या घराच्या सपाट फरशीवरही त्या बांध ओलांडल्यासारखं पाऊल टाकतात. ते मी केलं. आचाऱ्याचा तांदूळ दाताखाली धरून "ह्यो इंद्रायणी नाय, फसवलं तुम्हाला" – तेही केलं. आणि खरं सांगू? झकास केलं होतं! नणंदा हसून हसून ओट्यावर आडव्या झाल्या होत्या. दारात आप्पा. मला तेव्हा ते दिसलेच नव्हते. भिंतीला टेकून, उपरण्यानं डोळे पुसत हसत होते. असं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी काय केलं असेल? भरून आलं, असं सांगायला आवडलं असतं. पण मी ती क्लिप पुसायला गेले. आणि तो प्रोग्राम पडला नुसता वाचणारा – कॉपी करू देतो, पुसू देत नाही. बाकीचं कॉपी करून देता आलं असतं, म्हणाल. पण डिस्क उघडते हे एकदा कळलं की घरातला प्रत्येक जण सगळं उघडून बघणार, हे का मला माहीत नव्हतं? संध्याकाळी मी चेहरा पाडून सांगितलं, गेली डिस्क. मयूर सुटीवर आला तेव्हा ती कपाटात साड्यांखाली दडवली आणि म्हटलं, रिपेअरला दिलीय.

आईंनी कधी तक्रार केली नाही. टीव्ही पुसताना त्या डिस्कवरूनही फडकं फिरवतात.

मला कशाची भीती होती? वाटायचं, क्लिप बघून आई रागावणार नाहीत, उलट हसतील – आणि पुढं माझ्यासमोर जपून पाऊल टाकतील. पण हेही मी मला बरं दिसावं म्हणून सांगतेय. खरं एवढंच, की नातेवाइकांत त्या 'माझी गुणाची सून' म्हणतात, आणि ते मला फार आवडतं. तेवढ्यासाठी मी त्यांच्यापासून त्यांचा नवरा लपवला. वर्षानुवर्षं.

आज सकाळी मेथी निवडताना आई सहज म्हणाल्या, "आप्पा हसायचे कसे, तेच इसरले बघ मी." आणि पुढची जुडी सोडायला घेतली.

लॅपटॉप आता जेवणाच्या टेबलावर आहे. डिस्क लावलीय, पेनड्राइव्ह लावलाय. डिस्क उघडतेय, एवढंच मी आईंना सांगितलंय. त्या चष्मा शोधतायत, दारातून येताना सवयीनं पाऊल उचलून टाकतायत.

"आप्पा दिसतील का गं?" विचारतायत.

दिसतील. मीही दिसेन.